लांब म्हणजे कुठून?

माझं नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आत्याचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता. ‘किती वर्षं काढायची तिकडं?’ असं तिनं विचारलं. मी तीन म्हटलं. ‘जातील गं,’ ती म्हणाली आणि माझ्या हातावर थोपटून स्वयंपाकघरात गेली. घरात पेढे होते, पण वातावरण कुणाला तरी दवाखान्यात ठेवून आल्यासारखं होतं.

मी चार वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून केंद्राच्या परीक्षा दिल्या होत्या. प्रेफरन्स भरताना अंदमान शेवटच्या नंबरावर टाकलं होतं, म्हणजे खरं तर टाकलंच नव्हतं. यादी पूर्ण करायची म्हणून क्लिक केलं होतं. लेखा विभागातली नोकरी, पोर्ट ब्लेअरला. आता त्या गावाचं अधिकृत नाव श्री विजयपुरम झालंय, पण तिथं राहणारे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात आणि मलाही तेच तोंडात बसलंय.

‘काढणं’ हे क्रियापद मराठीत आपण कशाकशाला लावतो बघा. दिवस काढणं, रात्र काढणं, आजारपण काढणं, तुरुंगात वर्षं काढणं. जे जगायचं नसतं, फक्त मागे टाकायचं असतं, ते आपण काढतो. मराठी माणसाच्या मनात अंदमान म्हटलं की काळं पाणी, सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी एवढंच येतं, त्यामुळे आत्याच्या तोंडी ते क्रियापद आपोआप आलं असणार. पण गंमत अशी की तिथं गेल्यावर कळलं, बाहेरून बदलीवर आलेले जवळजवळ सगळेच हे क्रियापद वापरतात. आपापल्या भाषेत. ‘और कितना बचा है?’ हा आमच्या क्वार्टर्समधला नमस्कार होता.

पहिलं वर्ष मी अक्षरशः काढलं. कपाट घेतलं नाही, कारण परत जाताना काय करायचं त्याचं? दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पलंगाखाली खोकी. उन्हाळ्यात नळाला रोज पाणी नसतं, दोन-तीन दिवसांनी येतं, तेव्हा ड्रम भरायचे आणि कुरकुर करायची. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, कारण घड्याळ मिर्झापूरच्या रेखांशाचं आणि आपण त्याच्या कितीतरी पूर्वेला. ऑफिसातून बाहेर पडेपर्यंत अंधार. कांद्याचा भाव वाढला की भाजीवाला एकच कारण सांगतो, जहाज आलं नाही. लासलगाव माहीत असलेल्या माणसानं कांद्यासाठी जहाजाची वाट बघायची, याचं मला सुरुवातीला फार हसू यायचं. नंतर रागही येऊ लागला. राग कुणावर, ते ठरवता येईना, म्हणून तो बेटावर काढला.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ सहकारी होते. तिथले ‘लोकल बॉर्न’. ही तिथली रोजच्या वापरातली संज्ञा आहे, आणि तिच्यामागे इतिहास आहे. मार्च १८५८ मध्ये, म्हणजे उठाव पुरता शमलाही नव्हता तेव्हा, इंग्रजांनी पहिले दोनशे कैदी इथं आणून सोडले. सेल्युलर जेल त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८९६ ते १९०६ या काळात बांधला गेला. मधली चाळीसेक वर्षं आणि पुढेही, इथं आणलेले बहुतेक लोक राजकीय कैदी नव्हतेच. खून, दरोडे यांत जन्मठेप झालेली साधी माणसं होती. काही वर्षं नीट वागलं की ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळायचं, म्हणजे बेटावरच थोडी जमीन कसायची, लग्न करायचं, घर करायचं. बायका कैदी स्त्रियांतून. जात, धर्म, प्रांत या सगळ्याची तिथं अशी सरमिसळ झाली की हिंदी हीच सगळ्यांची घरची भाषा झाली. त्यांची मुलं-नातवंडं म्हणजे लोकल बॉर्न.

मी एकदा जेवताना, किती दिवस राहिले याचा हिशेब मोठ्यानं करत होते. दादांनी डबा बंद केला आणि शांतपणे म्हणाले, ‘मेरे परदादा बीस साल की सज़ा पे आए थे मॅडम. आप तीन साल की पे आई हैं. वो रह गए.’ आणि हसले. टोमणा नव्हता. पण मी त्या दिवसानंतर मोठ्यानं मोजणं बंद केलं.

मनातल्या मनात मोजणं बंद व्हायला वेळ लागला. कारण मोजण्यात एक सोय असते, आणि ती सोय नैतिक असते, हे मला हळूहळू दिसायला लागलं. मी तात्पुरती आहे असं मानलं की कितीतरी गोष्टी आपल्या राहत नाहीत. मतदार यादीत नाव नाही, म्हणून पाण्याबद्दल नगरपालिकेत जायचं नाही. शेजारणीच्या घरी बाळ झालं तर जाऊन यायचं, पण नाव लक्षात ठेवायचं नाही. समोरच्या झाडाला काय म्हणतात ते विचारायचं नाही. जिथं आपण मुक्काम करतो तिथलं पाणी, रस्ता, वीज, माणसांची भलाई सगळं वापरायचं आणि देणं मात्र ‘आपल्या’ गावाला लागतो असं समजायचं. त्या गावालाही आपण काय देतो, तर दिवाळीत फराळाचे फोटो.

दुसरी बाजूही आहे. बदलीवर आलेल्या माणसानं फार लवकर ‘मी इथलाच’ म्हणणं हेही बरोबर नाही. सहा महिन्यांत बेटावर प्रेम जडलेले, रील्समध्ये ‘माय आयलंड लाइफ’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्या ‘माय’मध्ये काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९५ साली चिरंतन शांततेवर एक छोटा निबंध लिहिला, त्यात पाहुण्याच्या हक्काची चर्चा आहे. पृथ्वी गोल आहे, माणसं अनंत अंतरावर पांगू शकत नाहीत, त्यामुळे कधी ना कधी एकमेकांच्या दारात जावं लागणारच. म्हणून परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रू न समजलं जाण्याचा हक्क आहे. पण तो भेट देण्याचा हक्क आहे, घर करण्याचा नाही, असं तो बजावतो. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी भेट देणं आणि जिंकणं यांत फरकच ठेवला नाही, असंही तो स्पष्ट म्हणतो. हा माणूस आयुष्यात आपल्या कोनिग्सबर्ग शहराच्या परिसरातून फारसा बाहेर पडला नाही, हे लक्षात घेतलं तर कौतुकच वाटतं.

पण कांटच्या चौकटीत माझ्यासारखीला जागा नाही. मी पाहुणी नाही, मला कुणी बोलावलेलं नाही. जिंकायलाही आले नाही. मला एका कार्यालयानं पाठवलंय. आजच्या जगात घर सोडणारे बहुतेक असेच जातात, ऑर्डर घेऊन. आपण गेलो असं आपल्याला वाटतच नाही, आपल्याला ‘टाकलेलं’ असतं. आणि ज्याला टाकलंय त्याला काय जबाबदारी?

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. रस्त्यावर आला.

मायाबंदरला ऑडिटसाठी जायचं होतं. पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चेकपोस्टवर गाड्या थांबवतात, ठरलेल्या वेळी सगळ्यांचा एकत्र ताफा सुटतो, पुढे-मागे पोलीस, आणि सुमारे पन्नास किलोमीटर कुठेही न थांबता मिडल स्ट्रेटपर्यंत. जागोजागी फलक : फोटो काढू नका, खायला देऊ नका, गाडी थांबवू नका. १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत जारवा बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते. त्यानंतर ते जंगलातून बाहेर यायला लागले आणि लगेच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राखीव जंगलातला हा रस्ता बंद करायला सांगितलं. रस्ता चालूच आहे.

हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं. वाचून गेलेल्या माणसाला एक सूक्ष्म अहंकार असतो की आपण बाकीच्या पर्यटकांसारखे नाही. बस जंगलात शिरली. अर्ध्या तासानंतर ड्रायव्हरनं वेग किंचित कमी केला आणि अख्खी बस डावीकडे झुकली. रस्त्याच्या कडेला एक बाई आणि दोन मुलं उभी होती. धाकट्याच्या कपाळाला लाल पट्टी होती. लोक सीटवर उभे राहिले. कुणी काही ओरडलं नाही, कुणी काही फेकलं नाही, नुसतं बघितलं. मीही बघितलं. दोन सेकंद असतील. त्या मुलानंही माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं, पण ते बहुधा माझं मनोराज्य. त्यानं एक बस जाताना बघितली.

पुढचे दोन तास मी स्वतःशी वाद घालत होते. मी तिथं मजेसाठी गेले नव्हते. सरकारी काम होतं. पर्यटकाचं बघणं आणि माझं बघणं यांत फरक आहे की नाही? त्या मुलाच्या बाजूनं अजिबात नाही. त्याच्या जंगलातून जाणाऱ्या ताफ्यात एक खिडकी माझी होती, एवढंच. आणि माझं काम हेच तर त्या रस्त्याचं समर्थन आहे. उत्तरेच्या लोकांना दवाखाना हवा, शाळा हवी, रेशन हवं, ऑडिट हवं. पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना सरकारनंच दिगलीपूर, हॅवलॉक, नील अशा ठिकाणी वसवलं. ती माणसंही स्वतःहून आली नव्हती, आणि त्यांच्या आजारी आईला अँब्युलन्समधून पोर्ट ब्लेअरला न्यायला रस्ता लागतो. त्यांना मी काय सांगू? प्रत्येकाकडे त्या रस्त्यावर असण्याचं चांगलं कारण आहे. ताफा अशा चांगल्या कारणांचाच बनलेला असतो.

बाराटांगपर्यंत समुद्रानं जाता येतं. पुढच्या वेळी मी बोटीनं जायचं म्हणाले. साहेबांनी भुवया उंचावल्या, एक दिवस जास्त लागेल म्हणाले, पण सही केली. त्याच्या पुढच्या वेळी हवामान खराब होतं, बोटी बंद होत्या, मी बसनं गेले. या वेळी मधल्या सीटवर बसले आणि डोळे मिटले. डोळे मिटण्याला नैतिक कृती म्हणायचं की नाही, याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. बसचा वेग त्यानं कमी झाला नाही, एवढं खरं.

‘जारवा’ हे त्यांनी स्वतःला दिलेलं नाव नाही. शेजारच्या जमातीच्या भाषेत त्याचा अर्थ परके, अनोळखी लोक असा होतो, असं भाषातज्ज्ञ सांगतात. ते स्वतःला ‘आंग’ म्हणतात. म्हणजे आम्ही, बाहेरून आलेल्यांनी, त्या बेटावरच्या कदाचित सगळ्यांत जुन्या रहिवाशांना अधिकृतपणे ‘परके’ असं नाव देऊन ठेवलंय, तेही दुसऱ्याच्या भाषेतून उसनं घेऊन. आणि ज्यांच्या भाषेतून ते घेतलं त्या ग्रेट अंदमानी लोकांचं काय झालं? १८५८ मध्ये ते काही हजार होते. १९६१ च्या जनगणनेत एकोणीस उरले. साथीचे रोग, मारामाऱ्या, दारू, अफू. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर ही वृद्ध स्त्री वारली. ‘बो’ भाषा बोलणारी ती शेवटची. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी तिच्यासोबत काम केलं होतं. बोलायला कुणी नसल्यानं ती पक्ष्यांशी बोलायची, असं त्यांनी सांगितलंय. तिनं कुठंही स्थलांतर केलं नव्हतं. तिच्या पूर्वजांचा समुद्र, तीच बेटं. घरापासून इतकं लांब मी कधीच जाणार नाही.

तेव्हापासून मला ‘लांब’ हा शब्द वापरताना अडखळायला होतं. चेन्नई आणि कोलकाता, दोन्ही इथून साधारण तेराशे किलोमीटर. अंदमानातले लोक भारताच्या उरलेल्या भागाला ‘मेनलँड’ म्हणतात, आपण मराठीत ‘मुख्य भूमी’ म्हणतो. म्हणजे हे सगळं गौण. पण ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावर उभं राहिलं तर सुमात्रा दोनशेच्या आसपास किलोमीटरवर आणि पोर्ट ब्लेअर पाचशेच्या वर. तिथल्या निकोबारी माणसाला कराड लांब आहे. फार लांब, आणि त्याला तिथं काही कामही नाही.

कराडचा उल्लेख आलाच आहे तर आता ती गोष्ट सांगते, जी मला सांगायची नव्हती.

दुसऱ्या वर्षी वडिलांना दुपारी छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, त्याआधी इथं इंटरनेट म्हणजे थट्टा होती; आता व्हिडिओ कॉल छान लागतो. मी क्वार्टर्सच्या पायरीवर बसून आयसीयूचं दार बघत होते. भाऊ पुण्याला, तीन तासांवर. त्याचं काहीतरी रिलीज होतं, तो रात्री साडेदहाला पोचला. मी दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान पकडून चेन्नई, पुणे, मग गाडी असं करत संध्याकाळी पोचले. वडील तोवर शुद्धीवर होते, चहा मागत होते. आई नातेवाइकांना सांगत होती, ‘तो तरी लगेच आला. ही बिचारी समुद्रापलीकडं.’

मला तेव्हा राग आला. तीन तासांच्या अंतरावरून आठ तासांनी आलेला लगेच, आणि मिळेल त्या पहिल्या विमानानं आलेली बिचारी. मी ठरवलं की यावर लिहायचं : जवळ असणं नकाशावर मोजू नका, हाक मारल्यावर हातातलं काम टाकून माणूस उठतो का, त्यावर मोजा. जुन्या धर्मशास्त्रात, बौधायनाच्या सूत्रांत, समुद्रप्रवास हे पतित करणाऱ्या पापांत आहे. त्यामागे आई-बापांना टाकून गेलेल्या मुलाची भीती असेल का, असा एक परिच्छेदही डोक्यात तयार होता. मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. पण लिहायला बसले तेव्हा एक आकडा आडवा आला.

‘अंदमानात आहे, येता येत नाही’ हे वाक्य मी दोन वर्षांत घरी तीनदा वापरलं होतं. चुलतबहिणीच्या लग्नाला, गणपतीला, आणि आजीच्या वर्षश्राद्धाला. लग्नाच्या वेळी रजा नव्हती. गणपतीत तिकिटाचे दर आवाक्याबाहेर होते. वर्षश्राद्धाच्या वेळी रजा होती, पैसे होते, तिकीट स्वस्त होतं. मला जायचं नव्हतं. तिथं पुन्हा लग्नाचा विषय निघणार होता, काका-बाबांचं जमिनीवरून बोलणं होणार होतं, आणि मला ते नको होतं. मी समुद्राचा आधार घेतला. आजीनं मला लहानाचं मोठं केलं. त्या दिवशी मी चिडियाटापूला मैत्रिणींबरोबर सूर्यास्त बघायला गेले होते.

म्हणजे बेटाचं लांब असणं मी दोन्हीकडून वापरलं. घरी सांगितलं की मी तिकडे अडकलेय. बेटावर वागले अशी की माझं खरं आयुष्य घरी आहे. दोन्ही ठिकाणचं देणं दुसऱ्या ठिकाणावर ढकललं, आणि मधल्या तेराशे किलोमीटर पाण्यावर कुणालाच वसुलीला येता येत नव्हतं. लेखा विभागात अशा नोंदींना आम्ही फार कडक शेरे मारतो.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. सांगून कुणाचं भलं होणार, हा प्रश्न आहेच. पण तो प्रश्नही मला थोडा सोयीचाच वाटतो.

आता तिसरं वर्ष संपत आलंय. मुदतवाढीचा फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे, भरलेला, तारीख न घातलेला. मध्यंतरी अबर्डीन बाजारातून एक लोखंडी कपाट घेतलं. सेकंडहँड, दार नीट लागत नाही. शेजारणीच्या बाळाचं नाव पाठ आहे, ते आता मला बघून पळून जाण्याइतकं मोठं झालंय. पाण्याच्या अर्जावर कॉलनीतल्या सतरा जणांबरोबर माझीही सही आहे. पाणी अजून तिसऱ्या दिवशीच येतं.

शेजारच्या टेबलावरचे दादा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला त्यांनी मला बाजूला घेतलं. परदादा ‘बंबई तरफ के’ होते एवढंच घरात माहीत आहे. कैद्यांच्या गळ्यात लाकडी पट्टी असायची, तिच्यावर नंबर असायचा. तो नंबर कुणाला आठवत नाही, नाव एकच आहे, आणि साल अंदाजे. गाव कळलं तर बरं होईल म्हणाले. जायचं नाही तिथं, नुसतं कळलं तर. मी म्हटलं, मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याचं पुराभिलेखागार आहे. जुन्या मुंबई इलाख्याची कागदपत्रं तिथं आहेत. मी बघते.

बघते म्हटलं खरं. जूनमध्ये बारा दिवसांची रजा मिळालीये. प्रवासात दोन जातील. उरलेल्या दहांपैकी दोन दिवस मुंबईला घालवायचे तर कराडला आठच उरतात, आणि आईनं वडिलांच्या तपासण्यांपासून आजीच्या फोटोला नवी फ्रेम करण्यापर्यंत दहाही दिवसांची यादी करून ठेवलीये. काल फोनवर तिला म्हटलं, मी दोन दिवस उशिरा येईन, एका सहकाऱ्याचं काम आहे. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, ‘तिकडचा आहे का कुणी?’

मी हो म्हटलं.